वरच्या मजल्यावरचं बंद स्टेशन

साऱ्या अमिरातीत जिथे गाडीला कधीच उशीर झाला नाही असं एकच स्टेशन होतं. ते शारजात, अल मजाजमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये होतं. आणि पहिल्याच भेटीत त्याच्या वेटिंग रूमवर मी आमटीचं गरम पातेलं ठेवलं. ‘नीट बघून ठेवा’ असं बायकोनं बजावलं होतं. मी बघूनच ठेवलं. मला ती पातेल्याखालची फळी वाटली. पुठ्ठ्याचं छप्पर हळूच खाली बसलं. वरचे शेजारी वाकून निरखत म्हणाले, “असू द्या हो. खऱ्याचंही याच बाजूनं पडलंय.”

खरं स्टेशन म्हणजे इंग्लंडातल्या एका खेड्याबाहेरचं, केव्हाच बंद पडलेलं. यांनी ते कधी पाहिलेलं नाही; त्या गावाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. पण फोटो बघून बघून फलाट, दुधाच्या कॅन, सिग्नल असं सगळं जेवणाच्या टेबलावर उभं केलेलं, आणि घरची मंडळी जेवायला जमिनीवर. गाडी तेवढी नव्हती. आमच्या मुलीनं लहानपणी आपली खेळण्यातली गाडी रुळांवर ठेवली, तर “खलास, बेटा, लाइन बंद झाली,” म्हणत त्यांनी ती अदबीनं परत केली. मेंढ्या बुजतील म्हणून तिथल्या जमीनदारानं स्टेशन गावापासून लांब बांधायला लावलं, म्हणून उतारू कमी, म्हणून कुलूप, हा इतिहास ते सख्ख्या चुलत्यानं बांध कोरल्यासारखा सांगत. माणूस जरा सरकलेला आहे, असं मी खुशाल म्हणे. मी, ज्याची व्यायामाची सायकल आल्या दिवसापासून टॉवेल वाळवते आहे!

गेल्या महिन्यात त्यांची नोकरी संपली. व्हिसा रद्द, फ्लॅट रिकामा करायचा. सोफा गेला, फ्रिज गेला, स्टेशन कोण घेणार? त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, इट्स जस्ट कार्डबोर्ड. लेट इट गो.” ते हसले. आम्ही निरोप घ्यायला गेलो तेव्हा मला म्हणाले, “शेवटची गाडी गेल्यावर तिथल्या स्टेशनमास्तरनं आधी कुंड्यांना पाणी घातलं, मग कुलूप लावलं म्हणतात. आता कशाला घालायचं हो पाणी?” काहीतरी करावं म्हणून मी छपराचा बसलेला कोपरा बोटानं उचलला. तो आणखी बसला.

घरात आल्यावर बायकोनं आमच्या जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी, औषधं, माझे दोन्ही चष्मे उचलले आणि फडकं मारलं.

“जा, त्यांना म्हणावं, स्टेशन खाली आणा. आपण बसू जमिनीवर,” ती म्हणाली. “आमटीचं पातेलं मात्र तुम्ही आणायचं नाही.”