टेकडीवरचा गाल्द्रिक

"यातला समुद्र कुठला? बोट ठेव."

"काय पोरखेळ मांडलायस, तेक्ला!"

"बोट ठेव म्हणते ना!"

मी त्या नवरा-बायकोच्या खिडकीखाली मासळीची डोकी मोडत बसले होते. खारवायची होती, हात मिठानं चरचरत होते. आत लाकडावर बोट टेकल्याचं ऐकू आलं. मग तेक्लामावशीचा आवाज आला, एरवी बाजार दणाणून सोडणाऱ्या बाईचा, पण इतका बारीक की मी मान वर केली.

"ती वाळू आहे, गाल्द्रिक. लालभडक वाळू."

"त्या रंगाऱ्यानं वाळू लाल काढली तर मी काय करू?"

"काल त्याला तूच म्हणालास ना, हुबेहूब आपली खाडी म्हणून? अख्खं गाव हसलं, तू नाही हसलास."

गाल्द्रिकमामा हळूच म्हणाला, "दोन वर्षं झाली. सगळं कॉफीच्या गाळासारखं दिसतं."

तो रंगारी पॅरिसहून आलेला. आमच्या कोलिऊर गावच्या धक्क्यावर बसून त्यानं फळीवर गुलाबी डोंगर, हिरवं आभाळ आणि रक्तासारखी वाळू काढली होती. आम्ही पोरी पोट धरधरून हसलो. "याला ऊन लागलंय," असं माझा भाऊ बाल्दिरी म्हणाला. एकटा गाल्द्रिकमामा पुढं झाला, मान डोलावून "बरोबर आहे" म्हणाला. रंगारी इतका खूश झाला, की फळी मामालाच देऊन मोकळा झाला.

मामाचं काम डोळ्यांचं होतं. पहाटे टेकडीवर चढायचं, पाण्याचा रंग बघायचा आणि पांढरी चादर काठीवर चढवायची, की होड्या निघाल्या. पूर्वेचं वादळ यायच्या आधी क्षितिजावर काळीनिळी रेघ उठते. ती उठली की लाल चादर, मग सगळ्यांनी माघारी फिरायचं. एकतीस वर्षं गावाचा जीव त्याच्या चादरीच्या भरवशावर होता.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याजवळ येऊन टेकली. "ऐकलंस ना गं?"

"हो."

"मग विसर. हे काम गेलं तर तो चार दिवस जगायचा नाही."

"मावशी, पण बाल्दिरी होडीवर असतो."

"मी आहे ना," ती म्हणाली.

बाईनं टेकडीवर पाय ठेवायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. बाई वर गेली की समुद्र खवळतो म्हणे. म्हणून मावशी रोज टेकडीखालच्या खडकावर धुणं घेऊन बसायची. रेघ दिसली की धोपटणं दोनदा-दोनदा आपटायचं, असं दोघांचं ठरलेलं. दोन माणसांच्या घरात एवढं धुणं! "गाल्द्रिक कपडे खातो की काय?" असं बाया विचारायच्या. मावशी हसायची. मी मात्र समुद्रात किती शिडं आहेत, तेच मोजत राहायचे. तोंड उघडलं नाही. आजही वाटतं, उघडायला हवं होतं.

सप्टेंबरात एका दुपारी मावशीनं रेघ पाहिली. धोपटलं. पुन्हा धोपटलं. पण वारा डोंगराकडून सुटलेला, आवाज पाण्याकडंच वाहून जात होता. वर पांढरी चादर तशीच फडफडत होती. मावशीनं धोपटणं टाकलं, परकर खोचला आणि टेकडी चढायला लागली.

सगळ्या किनाऱ्यानं पाहिलं. एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला.

लाल चादर वर गेली. होड्या फिरल्या. शेवटची बाल्दिरीची, अर्धं शीड फाटलेलं, त्याचा पंजा दोरात चिरडलेला. पुढं त्या हाताची दोन बोटं कधी वळली नाहीत. पण सगळे परत आले.

मामा खाली आला तेव्हा कुणी शिवी दिली नाही, कुणी आभारही मानले नाहीत. नावाडी जाळी आवरत राहिले. त्यांनी काठीपाशी परकर पाहिला होता, आणि रेघ कुणाच्या डोळ्यांना दिसली हे कळायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. बाल्दिरीनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. "तुला ठाऊक होतं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्र निवळलेला. मावशीनं भाकरी आणि दोन खारे मासे फडक्यात बांधून दिले. "येतो गं," म्हणून मामा निघाला, वाटेत मला "काय पोरी, अजून पेंगतेस?" असं रोजच्यासारखं चिडवलं.

किनाऱ्यावर सगळे नावाडी होड्यांना टेकून उभे होते. तो वर चढला, हातानं पाण्याकडचा वारा चाचपला, पांढरी चादर चढवली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

एकही होडी हलली नाही.

मामा समुद्राकडं तोंड करून बसला आणि फडकं सोडून भाकरी खाऊ लागला.