उचलफळीवरचा गणपती

मुलुंडला तळमजल्यावर आमचा फ्लॅट होता आणि त्यातली आतली खोली माझी होती. माझी म्हणजे, फ्लॅटचे बरेचसे पैसे माझे होते. कागदावर नाव दादाचं, कारण कर्ज नोकरदाराला मिळायचं. दादा एका कारखान्यात टाइमकीपर होता. मी बंद पडलेल्या कारखान्यांतून जुन्या मोटरी उचलायचो, त्यांचं वाइंडिंग नव्यानं करून विकायचो. बँकेतल्या साहेबानं माझ्याकडे बघून पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं. तेव्हा ठरलं असं की हॉल आणि स्वयंपाकघर दादाच्या संसाराला, आतली खोली मला, आणि आई जिथे तिला वारा लागेल तिथे. ठरलं ते सगळं तोंडी.

तोंडी ठरलेल्या गोष्टींचं काय होतं हे धंद्यात मी रोज बघत होतो. म्हणून एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती, ताबा सोडायचा नाही. वापीला एकानं मला भागीदारीत गाळा देऊ केला होता. चांगला माणूस होता, कामही भरपूर. पण मी तिकडे राहायला गेलो असतो, तर महिन्याभरात माझ्या खोलीत वहिनीची शिलाई मशीन आली असती, तिच्यामागून तांदळाचे डबे आणि डब्यांमागून एखादा पाहुणा. मी वापीला नाही म्हटलं. माझ्या वयाची माणसं कुठल्या कुठे गेली. मी दहा बाय बाराच्या खोलीला राखण बसलो.

त्याच सुमारास विक्रोळीला एका गोऱ्या साहेबाचा बंगला रिकामा होत होता. मी पंख्यांच्या मोटरी बघायला गेलो. घासाघीस करता करता साहेबाच्या माणसानं वैतागून एक पत्र्याची ट्रंक वर टाकली आणि म्हणाला, "ही घ्या आणि जा बाबा." घरी येऊन उघडली तर आत खेळण्यातली आगगाडी. खेळण्यातली म्हणजे पोरांची नव्हे. बोटभर उंचीचे हिरवे डबे, दारांच्या मुठीसुद्धा दिसतील इतकं बारीक काम. सोबत रूळ आणि चित्रांची मासिकं.

इंग्रजी मला बिलापुरतं येत होतं. पण चित्रं वाचायला इंग्रजी लागत नाही. दक्षिण इंग्लंडमधलं एक छोटं स्टेशन होतं. एका बाजूला समुद्र, समुद्राकडेला खडूसारखा पांढरा कडा, मागे गवताच्या बुटक्या टेकड्या. फलाटावर एक बाक आणि बाकावर कोणीच नाही. ते रिकामं बाक मी किती वेळ बघत बसलो! तिथे बसलेल्या माणसाला कोणी "जरा सरका" म्हणणार नव्हतं.

मी ते स्टेशन बांधायला घेतलं. गोरेगावला सिनेमाचे सेट मोडून विकतात, तिथून प्लायवूड आणलं. कड्याला गणपतीच्या कारखान्यातलं प्लास्टर. गवत म्हणजे वखारीतला लाकडाचा भुसा, हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला. चित्रात शेतांमधून लाल, गोल, वर निमुळती होत गेलेली घरं होती, टोकाला पांढरी टोपी घातलेली. बिअरमध्ये घालायची कसलीशी फुलं तिथे वाळवतात म्हणे. आमचे वडील गिरणीत होते. त्यांनी कधीतरी आणलेले सुताच्या बॉबिनचे पुठ्ठ्याचे कोन माळ्यावर पडून होते. त्यांची घरं झाली. तिकडे गाडीला वीज वरच्या तारेतून नाही, रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळते. तो तिसरा रूळ मी वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचा केला, नुसता दिसायला, पण सरळ एका रेषेत. माझ्या हाताखालून मोटरी शेकड्यांनी गेल्या. त्या रुळाइतकं मन लावून मी काही केलं नाही.

आणि खरं सांगायचं तर ताबाही झाला. चारही भिंतींना चिकटून कमरेच्या उंचीचा ओटा, त्यावर इंग्लंड, मध्ये एका माणसाला उभं राहता येईल एवढा चौक. त्यात शिरायला दाराशी, दाराच्या निम्म्या रुंदीची एक फळी, बिजागरीवर उचलायची आणि आत गेल्यावर खाली टाकायची. तिच्यावरूनही रूळ जायचा. ओट्याखाली मी मोटरी रचल्या, हमालांकडून, घट्ट, एकीवर एक, म्हणजे वहिनीला तिथे डबा सरकवायलाही जागा उरू नये. झोपायचो चौकात, पाय दुमडून.

मग पुतणीला दिवस गेले. दादाची एकुलती एक मुलगी, भांडुपला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. वहिनीनं जेवताना सुरुवात केली.

"आतली खोली तीन-चार महिने लागेल हो, भावजी."

"हॉल आहे की."

"हॉलमध्ये बाळंतीण? येणारा-जाणारा बघत बसेल?"

"पडदा लावा."

दादा ताटातून मान वर न करता म्हणाला, "त्याच्या बाहुल्या कुठे जातील मग?"

मी ताट सरकवून उठलो. त्या दिवसापासून मला खात्री होती की मी कामावर गेलो की हे लोक पाना घेऊन येणार. मरोळला माझा वाइंडिंगचा गाळा होता, तिथे जाणं कमी केलं. गिऱ्हाइकं तुटायला लागली. वहिनी भाजीला गेली तरी मी चौकातून बाहेर यायला घाबरायचो, कारण दादा घरात असायचा. आणि दादा बाहेर असला की वहिनी.

त्या वर्षी आईच्या गुडघ्यांमुळे गावी जाता येणार नव्हतं, म्हणून दादानं गणपती प्रथमच मुलुंडला आणायचं ठरवलं, दीड दिवसाचा. हॉलमध्ये बसवणार असं बोलणं होतं. चतुर्थीच्या सकाळी मी चहा पिऊन आत शिरलो, फळी खाली टाकली आणि ओट्याखाली वाकून एक सुटलेली तार जोडत होतो. बाहेर गडबड ऐकू येत होती. भटजींना पुढे अकरा घरं होती, ते तगादा लावत होते. हॉलमध्ये देवाचं तोंड दक्षिणेकडे येत होतं. "पूर्वेला तोंड येईल अशी जागा दाखवा लवकर," ते म्हणाले. मी वर उठलो तेव्हा माझ्या उचलफळीवर पाट होता, पाटावर गणपती होता आणि भटजी मूर्तीच्या हृदयाला दूर्वा लावून मंत्र म्हणत होते.

मी ओरडणार तेवढ्यात आई म्हणाली, "हलू नको रे. प्राण घालतत."

प्राण घातले गेले. आता दीड दिवस मूर्ती हलवता येत नाही, हे मला शिकवायची गरज नव्हती. फळी उचलायची नाही. फळीखालून वाकून जावं म्हणून गुडघे टेकले, तर आईचा आवाज चढला.

"देवाच्या पाटाखालसून सरपटतलस? मगे मी आज जेवचंय नाय."

ओट्यावर चढून जावं तर समुद्र आणि कडा पायाखाली. ओट्याखाली मोटरी, मीच रचलेल्या. आतून ढकलून तसूभर हलेनात. बाहेरून दोन माणसांनी ओढल्या तर निघाल्या असत्या.

"दादा, फळीशेजारच्या चार मोटरी ओढ," मी म्हटलं.

दादानं टोपी काढून खुंटीला लावली. "ओढतो ना. आधी खोलीचं बोल."

"देवासमोर अडवणूक करतोस?"

"तू इतके महिने केलीस, देव नव्हता म्हणून?"

"पैसे कोणाचे आहेत या घरात?"

"नाव कोणाचं आहे?"

वहिनीनं त्यात भर टाकली. "घरात गरोदर बाई असली तर काही लोक विसर्जनच करत नाहीत. बाळंत होईपर्यंत गणपती ठेवतात."

मी घाईनं म्हटलं, "ती भांडुपची. दिलेली मुलगी या घरात मोजत नाहीत."

"गप रवा दोघांय," आई म्हणाली. "देव उद्या जातलो."

मग आरतीला बिल्डिंग लोटली. गाडी बघून पोरांनी गलका केला आणि मला ती चालवावीच लागली. देवामागे फळीवर रूळ मोकळा होता. गाडी कड्याखालून निघून गणपतीच्या पाठीमागून जायची. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड काका हात जोडूनच म्हणाले, "वा! कोकणात रेल्वे येईल तेव्हा येईल, दादांनी आणलीसुद्धा!"

"हे दक्षिण इंग्लंड आहे," मी आतून म्हटलं.

"ह्यॅ! सरळ वेंगुर्ला दिसतंय."

"वेंगुर्ल्याचा डोंगर पांढरा असतो का?"

"मग बर्फ दाखवलाय वाटतं. कैलास! काय डोकं चालवलंय दादांनी."

सुताच्या कोनांची घरं बघून एका बाईंनी दोन्ही कानांना हात लावले. त्यांना ती देवळं वाटली. आणि दादा, ज्यानं तिथे एक खिळा ठोकला नव्हता, तो प्रसादाचं ताट धरून सगळ्यांना म्हणत होता, "आहे आपलं साधंच." आजही त्या बिल्डिंगमधलं कोणी भेटलं की विचारतं, दादांनी तो रेल्वेचा देखावा पुन्हा का नाही केला?

दुपार झाली. सकाळी प्यायलेला चहा आता दादाच्या बाजूनं भांडत होता. मी दोन्ही पाय जुळवून उभा होतो आणि लोकांच्या पाया पडण्याला हसून मान डोलवत होतो.

तेव्हा पुतणी आली. सातवा लागला होता. चौकटीला धरून उभी राहिली. देवाला नमस्कार करून तिनं गाडी दोन फेऱ्या जाईपर्यंत पाहिली. लहानपणी मोटरीच्या जुन्या तारेच्या बांगड्या ती माझ्याकडूनच करून घ्यायची.

"काका, स्टेशनावर माणसं नाहीत?"

"नाहीत. मुद्दाम नाही ठेवली."

"बरं केलंत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक सरळ सांगा. मी येऊ की नको? बाबा म्हणतात ये. आई म्हणते ये. पण खोलीत तुम्ही आहात. तुमचं मन नसेल तर मी सासरीच राहते. तिथं नऊ माणसं आहेत दोन खोल्यांत, पण राहीन. मला बाळाला घेऊन भांडणात नाही बसायचं."

मी भल्याभल्यांचे भाव पाडले आहेत. समोरच्यानं किंमतच सांगितली नाही तर काय पाडणार? तिनं काहीच मागितलं नव्हतं.

"ये," मी म्हटलं.

दादा हॉलमधून ताडकन उठला. "ऐकलं सगळ्यांनी. देवासमोर बोललाय."

"तुला नाही बोललो! आणि हात कोणी लावायचा नाही. काढायचं ते मी काढीन. पलंगापुरतंच."

"पलंग आणि पाळणा," वहिनी म्हणाली.

"पाळणा कडीला टांगा."

"आणि तेल-पाणी करणारी बाई कुठे बसेल?"

"मोटरी ओढा आधी!" मी असा ओरडलो की हॉलमधली आरतीची पुस्तकं मिटली. दादा आणि रिटायर्ड काकांनी चार मोटरी ओढल्या आणि मी पोटावर सरपटत बाहेर आलो आणि ग्रीस माखलेला तसाच सगळ्या बिल्डिंगच्या पायांमधून थेट मोरीकडे धावलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गणपती घेऊन तलावावर गेले. मी गेलो नाही. करवत घेतली. पलंगाची लांबी-रुंदी खडूनं जमिनीवर आखली आणि वर ओट्यावर रेघ ओढली. टेकड्या गेल्या असत्या तर स्टेशन गेलं असतं, म्हणून समुद्र द्यायचं ठरवलं. प्लास्टर करवतीला दाद देत नव्हतं, पांढरी पूड नाकातोंडात जात होती. कडा मधोमध फुटला. तिसऱ्या रुळाची तार मी कापली नाही. सोडवून गुंडाळून ठेवली. आता गाडी गोल फिरणार नव्हती, स्टेशनातून निघून कापलेल्या कडेपर्यंत जाऊन थांबणार होती.

ते लोक परतले. दादाच्या डोक्यावर रिकामा पाट होता, त्यावर तलावाकाठची मूठभर माती. पाट देवघरापाशी ठेवून तो दारात आला. खाली खडूची चौकट बघितली, वर कापलेला ओटा बघितला. शाब्बास म्हणेल, निदान 'बस झालं' म्हणेल, असं मला एक क्षण वाटलं.

त्यानं हात पसरून अंदाज घेतला. "अजून वीतभर लागेल. तिला वळता यायला हवं."

"चार बोटं. पुढे एक दोरा नाही."

"तू वळून बघ सातव्या महिन्यात."

मी पुन्हा करवत घेतली आणि वीतभर कापलं. स्टेशनचा फलाट त्यात अर्धा गेला, आणि बाकही. दादा तिथेच उभा राहून बघत होता. भुसा उडत होता तरी तो हलला नाही. मी त्याच्याकडे पाठ करून कापत राहिलो. ही जागा मी पुतणीला दिली, त्याला नाही. हे मी तेव्हा बोललो नव्हतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.