सगळ्यांनी एकदम

शिंपीणबाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार होती. ठिगळ लावताना कपडा फाटला कसा, याची त्या अशी उलटतपासणी घ्यायच्या की माणसाला वाटावं, उघडं फिरलेलं परवडलं. घरदार सोडून पळालेल्या माणसांना एका बंद पडलेल्या शाळेत ठेवलं होतं. तिथल्या एका वर्गात, चादरीच्या आडोशाला, बाई, त्यांची सून आणि तान्हा नातू राहायचे. मुलगा मागे राहिला होता. सामान आवरून येतो म्हणाला, त्यानंतर त्याची काही खबर नव्हती.

मी तिथली नर्स. खरूज सगळ्या वर्गांत पसरली होती. मलम वाटताना मी घसा फोडून सांगायचे, घरातल्या सगळ्यांनी एकदम, सर्वांगाला लावा, नाहीतर एकाची दुसऱ्याला पुन्हा होते. लोक खाजेल तिथं बोट फिरवून मोकळे व्हायचे. शिंपीणबाईंनी मात्र मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. चला, एक घर तरी मार्गी लागलं, असं मला वाटलं.

पुढच्या फेरीला पाहते तर नातवाची बोटं पिकलेली, अंग तापलेलं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. मलमाच्या ट्यूब उशाशी तशाच पडलेल्या, झाकणंसुद्धा न उघडलेली. माझं डोकंच फिरलं. मी तोंडाला येईल ते बोलले. कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हीच सांगितलंत ना, सगळ्यांनी एकदम लावायचं," त्या म्हणाल्या. "तो आला की लावू."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इथे आहात तेवढ्यांनीच लावा, एवढंच सांगायचं होतं, पण ते त्यांच्या तोंडावर कसं सांगणार?

सून सासूपुढे कधी वर मान करून बोलायची नाही. तिनं पोराला माझ्या मांडीवर दिलं, ट्यूबचं झाकण काढलं आणि सासूचा हात हातात घेतला.

"आई, आपण तिघंच आहोत आता."

सून बाईंच्या बोटांच्या बेचक्यांत मलम चोळत राहिली. मी पोराच्या जखमा धुवायला घेतल्या. थोड्या वेळानं बाईंनी बाही वर सारली आणि दुसरा हात आपणहून सुनेपुढे केला.