रस्सा गार होईस्तोवर

आमचं हे जेवायला बसले की आधी प्रार्थना. ख्रिस्ती माणसाच्या घरात प्रार्थना व्हणारच, त्यात नवल न्हाय. मी पण दर रविवारी उपासनेला जाणारीच हाय की. पण प्रार्थना किती लांबवावी माणसानं? रविवारचा तांबडा रस्सा वाटीत वाफाळत असायचा, आणि ह्यांचं "आकाशातल्या बापा" सुरू झालं की एकेकाचं नाव. पोरगा योहान, सून सोनम, जयसिंगपूरला दिलेली लेक निशा, तिचा नवरा, तिची सासू, सासूची कंबर. वर शेजारचा गणपतराव! ज्यानं आमच्या भिंतीला लागून मोरी काढली आणि वर आमच्याशीच भांडला, त्याच्या गुडघ्यांसाठी पण ह्यांची प्रार्थना.

मी एक डोळा उघडून रश्श्याकडं बघत बसायची. आमेन झालं की म्हणायची, "देवाला ठाव हायत की नावं! रोज हजेरी कशाला घेतासा?"

हे हसायचे. "देवाला ठाव हायत गं. मी इसरू नये म्हणून घेतो."

इसरणारा माणूस न्हवताच तो. शिरोलीच्या फौंड्रीत बत्तीस वर्षं मोल्डर होते, ओतकामाचे साचे करायचे, हातांवर तापल्या लोखंडानं भाजल्याचे ठिपकेच ठिपके. तसल्या हातांनी घरी येऊन आधी पोरांच्या वह्या बघायचे, मग चहा. निशाच्या बाळंतपणाला दवाखान्याच्या पायरीवर दोन दिवस बसून ऱ्हायले. जावई घरी जाऊन झोप काढून आला, हे हालले न्हाईत. मला टायफॉईड झालता तेव्हा माझी वेणी घातली ह्यांनी. वाकडी घातली, पण रोज घातली.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात नाकातनं नळी घालून पातळ खाणं पोटात सोडत होते. पंधरा दिवसांनी नळी काढली आणि डॉक्टर म्हणाले, "आता गिळता येतंय. घरी न्या, तोंडानं भरवा. न्हाईच खाल्लं तर परत नळी घालावी लागंल."

घरी आणलं. सोनमनं गुरगुट्या भात केला, वर तूप. ह्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. पाणी घोटभर घेतलं, पण भाताचा चमचा आला की डाव्या हातानं बाजूला सारायचे. दुसऱ्या दिवशी पण तेच. योहाननं दवाखान्यात फोन केला. उद्या सकाळी घेऊन या, म्हणाले.

मी लई चिडले. खरं म्हणजे भ्याले होते. नळी घातलेली असताना ह्यांच्या डोळ्यांतनं पाणी गळायचं, ते मी बघितलंतं. भरल्या घरात ह्यांच्याम्होरं वाटी आदळली. "मला सोडून जायचं ठरवलंय व्हय? एकदा सांगून तरी टाका!"

ह्यांनी डावा हात उचलला आणि मांडीवर पडलेल्या उजव्या हातावर नेऊन ठेवला. कालपासनं तसंच करत होते. मला वाटायचं, हात दुखतोय.

अगं बया! हात जोडत होता माणूस!

ह्यांच्या आजारपणात आम्ही सैपाकघरात उभ्यानंच चार घास गिळत होतो. जेवणाआधीची प्रार्थना कुणी केलीच न्हवती. ते काम ह्यांचं, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं न्हाय. आणि प्रार्थना झाल्याशिवाय हा माणूस जन्मात जेवला न्हवता.

"आई, तुम्हीच म्हणा," सोनम म्हणाली.

लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत मी चार माणसांत मोठ्यानं प्रार्थना केली न्हवती. पदर डोक्यावर घेतला. "आकाशातल्या बापा" म्हटलं आणि ह्यांच्यासारखीच नावं घेत गेले. योहान, सोनम, निशा, जावई, विहीणबाई, तिची कंबर. थांबले. डोळा उघडून बघते तर हे माझ्याकडं टक लावून बसलेले.

"तो पण पायजे व्हय? बरं. बापा, त्या गणपतरावाचे गुडघे बरे कर."

आता आमेन म्हणणार, तेवढ्यात ध्यानात आलं की एक नाव ऱ्हायलंय. इतक्या वर्षांत ह्यांनी सगळ्यांची नावं घेतली, स्वतःचं कधी घेतलं न्हाय. आणि मी कशी घेणार? नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीतच न्हाय. लग्नात शपथ घेताना एकदा घेतलंतं, ते पण इतकं पुटपुटत की पाळकसाहेबांना दोनदा सांगावं लागलं, "बाई, मोठ्यानं."

ह्या खेपेला मोठ्यानं घेतलं. "बापा, माझ्या शमुवेलाला सांभाळ. त्याला दोन घास खाऊ दे. मला हवाय तो."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंड उघडलं. अर्धी वाटी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जावं लागलं न्हाय.

त्यानंतर आठ महिने जगले. दोन्ही वेळा मी प्रार्थना करायची आणि हे नावं मोजल्यासारखी मान हलवायचे. फेब्रुवारीत झोपेतच गेले.

आता पण मीच म्हणते. पाळकसाहेबांनी समजावलंय, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना मागायची नसते, तो प्रभूजवळ हाय. बरं, न्हाय मागत. पण उपकार मानायला कुणाची आडकाठी हाय? गणपतरावाचे गुडघे झाले की मी म्हणते, "बापा, शमुवेल दिलास, तुझे उपकार." मोठ्यानं म्हणते. मग जरा वेळ तशीच बसते, आणि पोरं पण डोळे मिटून बसतात.

रस्सा गार व्हतो. कुणी काय म्हणत न्हाय.