भाऊजींचा वजनकाटा

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या लतिकाताईचे यजमान त्र्यंबकराव, दूध उतू गेलं तर आधी दुधावर संशय घेतील, मग गॅसवर आणि शेवटी ताईवर. स्वतःवर कधीच नाही. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर तो स्वभाव घरी मुक्कामाला आला. दुकानातून निघताना ते दारातच उभे राहून पावती वाचतात, मागे माणसं खोळंबली तरी हलत नाहीत. ताईच्या लग्नातल्या बांगड्यांचं वजन त्यांनी सराफाच्या समोरच्या दुकानात जाऊन पुन्हा करून घेतलं होतं. ते तंतोतंत जुळलं, तेव्हा म्हणाले, "दोघं मिळालेले असणार."

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने नेमबाजी धरली. अनिका इथेच जन्मली, जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी क्लबवर जाऊन कागदी चकतीवर रायफल चालवते. भाऊजींना बंदूक घरात नको होती. पण हट्टात मुलगी बापावर गेलेली.

त्यात तयार काडतुसं महाग. म्हणून क्लबातली मंडळी वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरतात. रिकामं नळकांडं साफ करायचं, त्यात मोजून दारू घालायची, वर नवी गोळी दाबून बसवायची. अनिकाने त्यासाठी एक स्वस्तातला संच ऑनलाइन शोधला आणि सहज बाबांना दाखवला. तिथेच चुकलं.

"दारू जास्त पडली तर?" भाऊजींनी विचारलं.

"Worst case, रायफल फुटते, बाबा," ती म्हणाली. मुलीला खोटं बोलता येत नाही.

रायफल गालाला लावून धरतात. भाऊजींनी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. लोक त्यांना संशयी म्हणतात, मीही म्हणते. पण त्या दिवसापासून त्यांना नुसती भीती वाटत होती, पोटच्या पोरीच्या डोळ्यांची.

मग खरेदी त्यांनी हातात घेतली. स्वस्त संच दिसला की म्हणत, "यात काहीतरी गाळलेलं आहे." महाग दिसला की, "हे नावाचे पैसे." शेवटी अनिकानेच वाट काढली. गोळी दाबणारा प्रेस म्हणजे लोखंडाचा ठोकळा आणि दांडा, तो जुना घेतला तरी चालेल. पण दारू मोजायच्या काट्यात कंजुषी नको. हे भाऊजींना पटलं. त्यांनी भारी इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. गॅरेजमधला हीटर लागला की त्याचे आकडे नाचायचे. तो परत गेला.

तेव्हा क्लबवर अनिकाला शिकवणारे वेंडेल म्हणाले, माझा जुना दांडीचा काटा घेऊन जा. बॅटरी नाही, वायर नाही, आयुष्यभर मी यावरच मोजलं. किंमत त्यांनी अगदीच नाममात्र सांगितली.

"इतका स्वस्त का देतोय?" भाऊजी त्यांच्या तोंडावर मराठीत म्हणाले.

"बाबा, हात थरथरतात त्यांचे. He can't use it anymore."

भाऊजींनी खिशातून प्रमाणित वजन काढलं. प्रयोगशाळेत असतं तसलं, चिमट्यानेच धरायचं. तिथल्या तिथे तपासलं. काटा चोख निघाला. तरी घरी येताना गाडीत म्हणाले, "बघू."

नवरात्रात मी माझ्या गावाहून, पिस्कॅटवेहून, ताईकडे गेले होते. खंडेनवमीला ताईने तबक केलं. दरवर्षी भाऊजींचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर पूजेला असतात. या वर्षी अनिकाने हौसेने रायफल आणली. भाऊजी म्हणाले, "ती नको. पूजा करायचीच तर काट्याची करू. माझ्या पोरीला तोच सांभाळणार आहे." त्यांनी स्वतः काट्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. दुसऱ्या दिवशी फडक्याने स्वच्छ पुसून तो गॅरेजात ठेवला.

अनिका स्पर्धेसाठी काडतुसं भरायला बसली. थोडी भरून झाल्यावर भाऊजी आपलं वजन घेऊन गेले आणि ओरडतच बाहेर आले. काटा चुकत होता. एकदा कमी, एकदा जास्त, दांडी मध्येच अडायची.

"सांगत होतो! तिथे बरोबर, घरी चूक. माल खपवला म्हाताऱ्याने. हिचा जीव गेला असता!"

"बाबा, please. He taught me everything."

भाऊजी ऐकतात कसले! भरलेली काडतुसं बाजूला ठेवून ते काटा घेऊन निघाले. अनिका रडवेली होऊन मागे, आणि भांडण झालंच तर मध्ये पडायला मी.

वेंडेल यांच्या स्वयंपाकघरात भाऊजींनी काटा आणि वजन टेबलावर ठेवलं आणि इंग्रजीत स्पष्ट म्हणाले, तुम्हाला माहीत असून तुम्ही हा माझ्या मुलीला दिलात. वेंडेल यांनी काटा पुढे ओढला. थरथरत्या हाताने वजन ठेवलं, दांडी अडली. पुन्हा ठेवलं, पुन्हा अडली. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी हिला इजा केली असती," ते अनिकाकडे बघून म्हणाले. "माझे डोळेही गेले वाटतं. मला कळलंच नाही." आणि ते पैसे आणायला उठले.

अनिकाने दांडी अलगद उचलली. दांडीची धार ज्या खाचेत टेकते, त्या खाचेत लाल कण होते. मी आयुष्यभर कपाळाला लावत आले, मला लांबूनही ओळखू आलं. भाऊजींनाही आलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

अनिकाला तो गंज वाटला असता. वेंडेल यांनाही. पैसे घेऊन निघून जाता आलं असतं, आणि भाऊजींचा शब्द कायमचा खरा ठरला असता. खरं सांगते, मला वाटलं, हे आता गप्प बसणार.

"थांबा," भाऊजी म्हणाले. त्यांनी खाचेकडे बोट दाखवलं. "ही लाल पूड माझी आहे. मी पूजा केली. तुमचा काटा चांगला होता, मी बिघडवला." मग मराठीत, अनिकाकडे न बघता, "माझ्यामुळे झालं असतं, बाळा."

वेंडेल पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे पुसले. राग असेल तर दिसला नाही. त्यांनी कपाटातून मऊ ब्रश काढून अनिकाच्या हातात दिला. तिने खाच साफ केली, वजन ठेवलं. दांडी डुलली आणि रेघेवर येऊन थांबली.

घरी आल्यावर भाऊजींनी ते वजन अनिकाला दिलं. आता गॅरेजात ते काहीही हाताळलं की तिला हाक मारतात, आणि ती तपासून मान हलवेपर्यंत हात मागे बांधून उभे राहतात. परवा मी चिडवलं, "भाऊजी, पोरीचा तुमच्यावर विश्वास नाही हो."

"नसूच दे," ते म्हणाले. "म्हणजे मला झोप लागते."