चाकरमानी आई

माझे वडील एका रविवारी रत्नागिरीत मांडवीच्या आमच्या भाड्याच्या घरी न कळवता आले, तेव्हा माझा नवरा लेंगा गुडघ्यांवर सरकवून मागच्या न्हाणीत पाटावर बसला होता. पाय सरळ पसरलेले, नडग्यांमधल्या खोबणीत आमची दहा महिन्यांची मुलगी पालथी. एका हाताने तिची हनुवटी सावरून दुसऱ्या हाताने तो तांब्याने तिच्या पाठीवर गरम पाणी ओतत होता. वडिलांच्या हातात गावच्या तांदळाची पिशवी होती. ती खाली ठेवायचे त्यांना सुचले नाही.

आमच्याकडे तान्ह्या मुलाला बाईच्या पायांवर न्हाऊ घालतात. पुरुषाने घालू नये असा काही नियम नाही. नियम करण्याइतकी ती शक्यता कधी कुणाच्या मनातच आलेली नाही. सव्वा महिना न्हाऊ घालायला जी बाई येत असे, तिला माझ्या नवऱ्याने शिकवण्याची विनंती केली, तेव्हा तिने तोंडाला पदर लावून त्याला उंबऱ्याबाहेर पिटाळले. तो दाराआडून पाहून शिकला. माझे प्रबंधाचे काम तेव्हा ऐन भरात होते. सकाळी प्रयोगशाळेत जायचे, तिसऱ्या प्रहरी परतायचे, असा माझा क्रम. त्याची शाळा सकाळची; तेवढा वेळ मुलगी शेजारी. त्यामुळे आमच्या घरात कामांची वाटणी कोण कोणत्या वेळी मोकळे आहे यावर झाली होती, कोण पुरुष आणि कोण बाई यावर नाही. मला ती अगदी साधी, तर्कशुद्ध व्यवस्था वाटे.

शेजारच्या घरमालकीणकाकूंना ती तशी वाटत नसे. वडील दारात उभे असतानाच कुंपणापलीकडून त्यांचा आवाज आला, "मास्तर, पुढच्या खेपेला कळाही तुम्हीच द्या हो."

"ते जमलं असतं तर हिची परीक्षा कशाला बुडती, काकू?" नवरा मान वर न करता म्हणाला. मग त्याने मान वर केली आणि सासरे दिसताच लेंगा खाली ओढण्याचा प्रयत्न केला. पण पायांवर मूल असताना ते शक्य नव्हते.

वडील का आले आहेत, हे मला त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच माहीत होते. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी माझी निवड झाली होती. सागरी जीवांवर काम करू इच्छिणाऱ्या माणसाला तशी जागा आयुष्यात एकदाच मिळते. मुलीचे अंगावरचे दूध सुटले होते. ती रत्नागिरीतच राहणार होती: सकाळी काकूंकडे, दुपारपासून बापाकडे. हे गावी कळताच आईने वडिलांना पहिल्या एसटीत बसवले होते. स्वतः ती आली नाही, कारण गोठा आणि शेत सोडून ती कधीच कुठे येत नाही. आणि वडिलांना मात्र दुसरे काही काम नव्हते. मुंबईच्या गिरण्यांचा संप लांबला, तेव्हापासून ते गावी होते. उभे आयुष्य त्यांनी चाकरमानी म्हणून परळच्या खोलीत काढलेले. घरी येत ते गणपतीला आणि शिमग्याला. आता कायमचे आले, तर स्वतःच्याच घरात मीठ कुठल्या बरणीत आहे हे त्यांना विचारावे लागे.

मी चहा केला, त्यांना साखर किती घालू ते विचारले. नवऱ्याने बांगड्याचे तिखले केले होते. वडील जेवले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि जावयाच्या हाताच्या स्वयंपाकाविषयी चांगले वा वाईट एक अक्षर बोलले नाहीत. ऊन उतरल्यावर म्हणाले, "चल गो बाय, जरा दर्यावर जाऊन येऊ."

वाटेत मी माझी बाजू मनात मांडून ठेवली. त्यांचे तीन आक्षेप असणार असे मी गृहीत धरले होते: लोक काय म्हणतील, जावयाच्या मनाला ते कितपत लागेल, आणि आईवाचून मूल कसे वाढेल. तिन्हींची उत्तरे माझ्यापाशी तयार होती. सर्वांत धारदार उत्तर मी आधीच वापरायचे ठरवले. जेटीजवळच्या कठड्यावर बसताच मी म्हणाले, "बाबा, तुम्हीही घर सोडून गेला होतात. मागे आईने आम्हांला वाढवलं. तेव्हा गावातून कुणी एसटीत बसून तुम्हांला अडवायला आलं नाही. आज फक्त माणसांची अदलाबदल झाली आहे. मी तुमच्या जागी आहे, एवढंच."

ते रागावतील, निदान दुखावतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी मान डोलावली.

"तेच सांगायला आलोय," ते म्हणाले. "माझी जागा कशी हाय ते तुला ठाव नाय."

मग त्यांनी जे सांगितले ते जेटीला लागलेल्या बोटीकडे पाहत, जणू तिसऱ्याच कुणाचे सांगावे तसे सांगितले. मी चार वर्षांची असताना ते एका गणपतीला घरी आले. मला ताप होता. त्यांनी मला उचलून घेतले, आणि मी अशी किंचाळले की खालच्या घरातली माणसे काठ्या घेऊन धावत आली. आईने मला त्यांच्या हातून घेतले. तिच्या खांद्यावरून मी म्हणाले होते, ह्या माणसाला सांग, मला धरू नको.

"मग मी एक युक्ती काढली," वडील म्हणाले. "ओटीवर बसायचं आणि आधी पेटी उघडायची. लिमलेटच्या गोळ्या, रिबिनी, रंगाच्या कांड्या. तुम्ही पोरं धावत यायचात. बघणारा म्हणायचा, बघा कशी बापाकडं धावतायत. मी पण तसंच धरून चाललो. पण धावायचात ती पेटीकडं. मी पेटीमागं बसलेला."

ती पेटी मला लख्ख आठवत होती: तिचे हिरवे पत्र्याचे झाकण, उघडताना येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास, आतल्या कप्प्यांतला क्रम. तिच्यामागे बसलेल्या माणसाचा त्या काळातला चेहरा मी आठवू पाहिला. तो मिळेना. विज्ञानात स्वतःच्या विरुद्ध जाणारा पुरावा स्वतःच द्यावा लागण्याचे प्रसंग येतात. पण असा यापूर्वी आला नव्हता.

शेवटी मी विचारले, "पण पुढे आम्ही तुम्हांला ओळखायला लागलो. ते कधीपासून?"

त्यांनी या प्रश्नाचा खरोखर विचार केला.

"मघाशी चहात साखर किती इचारलंस," ते म्हणाले. "पाव्हण्याला इचारतात तसं."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. माझी तिन्ही तयार उत्तरे एका विरोधकासाठी होती. हा माणूस विरोध करत नव्हता. जिथे मी निघाले होते तिथून तो परत आला होता, आणि तिथे काय आहे ते सांगत होता.

"म्हणजे जाऊ नको म्हणता," मी म्हणाले.

"तसं सांगायला तुझ्या आयशीनं धाडलंय. मी नाय सांगणार. तू शिकलीस ती कायतरी करायसाठीच. पण पोर तुला विसरंल. नाय विसरणार, असं सवताला समजावून जाऊ नको. विसरंल हे धरून जा."

घरी परतल्यावर मी हे सारे नवऱ्याला सांगितले. माझा अंदाज होता की तो मला धीर देईल. मुलीचे लंगोट घडी करता करता तो म्हणाला, की मुलगी मला विसरेल हे त्यालाही ठाऊक आहे, आणि त्याचा थोडा आनंदही त्याला होतो, आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटते. आमच्या संसारात इतके अवघड वाक्य त्याने कधी उच्चारले नव्हते. बापाला मूल पूर्णपणे आपले मिळणे म्हणजे काय, हे आमच्या दोघांच्या घराण्यांत त्याच्याआधी कुणाला कळलेच नव्हते. मी त्याच्याकडे नव्या माणसाकडे पाहावे तशी पाहत राहिले.

मी गेले. महिन्यातून एकदा रत्नागिरीला यायचेच, मग प्रयोगाचे काहीही होवो, असे ठरवून गेले. वडील गावी परतलेच नाहीत. गिरणी बंद, घरात बायकोच्या पायांत येतो, त्यापेक्षा सकाळची पोर मी बघीन, असे त्यांनी परस्पर काकूंना सांगून टाकले. आईने निरोप धाडला की तिने माणूस अडवायला पाठवला होता, मुक्कामाला नव्हे. ज्याने स्वतःच्या चार मुलांपैकी एकाचेही दुपटे कधी बदलले नाही, तो माणूस साठीच्या उंबरठ्यावर काकूंच्या देखरेखीखाली नाचणीचे सत्त्व ढवळायला शिकला. गाठी झाल्या की काकू म्हणत, "गिरणीत असंच कापड काढलंत काय?"

पहिल्या महिन्याअखेरीस मी आले. हात मुद्दाम रिकामे ठेवले होते. मुलगी ओसरीवर आजोबांच्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले. अनोळखी वस्तूकडे तिच्या वयाची मुले पाहतात तसे, पापणी न लवता, रस घेऊन पाहिले. मग आजोबांचे धोतर मुठीत धरून त्यांच्या मागे सरकली. मला हे अपेक्षित होते. निष्कर्ष आधीच सांगितला गेला होता. तरीही मी ओसरीपर्यंत न जाता पायरीवरच बसले. हाक मारली असती तर ती रडली असती. म्हणून मारली नाही.

त्या दिवशी ती माझ्याकडे आली नाही. नवऱ्याने दोनदा तिला माझ्या मांडीवर ठेवून पाहिले. दोन्ही वेळा तिने त्याच्याकडे हात पसरले, आणि त्याने तिला परत घेताना माझ्याकडे पाहण्याचे टाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सतरंजीवर झोपली होती. मी तिला न शिवता शेजारी आडवी झाले. पलीकडे वडील भिंतीला टेकून बसले होते. ती जागी झाली, चहूकडे पाहिले, आणि आजोबांकडे जायला निघाली. वाटेत मी होते. वळसा न घालता ती सरळ माझ्यावर चढली. एक तळवा माझ्या बरगडीवर, एक गुडघा पोटात. उशीवर थांबावे तशी मध्ये थांबली, माझ्या कानातल्या कुडीला बोट लावून पाहिले, आणि पलीकडे उतरली. पोटावर तिचा गुडघा जिथे टेकला होता तिथे थोडा वेळ ऊब राहिली.

वडिलांनी तिला मांडीवर घेतले. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "गाडीची वेळ झाली, बाय."

हेच वाक्य माझी आई दर गणपतीनंतर आणि दर शिमग्यानंतर स्वयंपाकघरातून वडिलांना म्हणत असे. ऐकणाऱ्याला ते कसे लागते, असा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.