दात ठीक

आमच्या परभणीच्या वृद्धाश्रमातल्या आयाबाई हातातली बॅटरी विझवायला विसरायच्या. भर दुपारीसुद्धा ती पेटलेलीच. "आ करा बरं," हाच त्यांचा रामराम. म्हाताऱ्यांनी तोंड उघडलं की बोटाला फडकं गुंडाळून हिरड्या चाचपायच्या आणि पुटपुटत दात मोजायच्या.

मी तिथला कारकून. आरोग्याच्या वहीतला दातांचा रकाना मी मागच्या वर्षीचं पाहून भरायचो: ठीक.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे डॉक्टर तपासणीला आले नाहीत, त्या दिवशी बाईंनी माझ्या टेबलावर उशीची एक खोळ उलटी केली. भाकरीच्या वाळलेल्या कडा खडखडत पडल्या.

"बोरी गावच्या आजोबाच्या उशीत घावल्या. तुमच्या वहीत त्यांचे दात ठीक हायती ना?"

मी वही उघडली. चार वर्षांचं 'ठीक' माझ्याच अक्षरात होतं.

त्यांनी मला वहीसकट आजोबांच्या खाटेपाशी नेलं आणि बॅटरी माझ्या हातात दिली. "मोजा." मोजण्यासारखं काही नव्हतंच. एक दात, तोही हलणारा. आजोबांनी माझं मनगट धरलं.

"सायब, ठीकच लिवा. न्हाईतर भाकरी बंद करून नुसत्या कण्या देतेत."

बाईंनी वही ओढून घेतली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं: एक दात, हलतो. खाली आणखी एक ओळ: भाकरी दुधात कुस्करून द्यावी.

त्यानंतर त्या बॅटरी घेऊन टेबलाजवळून गेल्या, की माझं तोंड आपोआप घट्ट मिटायचं.